पित्ताचं खापर टेन्शनवर

अंगावर पित्त उठलं की कोकणातल्या घरात तीन गोष्टी जवळजवळ एकदमच होतात. कुणीतरी आमसुलं पाण्यात भिजत घालतं. कुणीतरी विचारतं, "काय खाल्लंस?" आणि घरातलं सगळ्यांत शहाणं समजलं जाणारं माणूस जागचं न उठता निकाल देतं, "टेन्शन घेतलंय, दुसरं काही नाही." रेवसच्या धक्क्यावर भाऊच्या धक्क्याची लाँच पकडायला आलेल्या माणसापासून अलिबागच्या दवाखान्यातल्या रांगेपर्यंत हा निकाल हल्ली कुठेही ऐकू येतो. तो खोटा नाही. फक्त तो फार लवकर दिला जातो, आणि एकदा दिला की पुढची चौकशी बंद पडते. मनावरचा ताण कातडीवर खरंच उमटतो का, कसा, किती आणि कुणाच्या, याबद्दल आजवर काय कळलं आहे ते पाहिलं, तर त्या निकालातला किती भाग ठेवायचा आणि किती सोडायचा हे ठरवता येतं.

आधी अंगावर नेमकं काय होतं ते पाहू. कातडीत बारीक रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या टोकांच्या आसपास मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या प्रबंधात त्यांना हे नाव दिलं. या पेशींच्या पोटात हिस्टामिनसारख्या द्रव्यांचे कण भरलेले असतात. पेशी चाळवली की ते बाहेर पडतात, आसपासच्या रक्तवाहिन्या फुगतात, त्यांच्यातून पाणी झिरपतं आणि खाजणारी, लालसर, मधोमध फिकट अशी गांधी उठते. लंडनच्या थॉमस लुईस यांनी कातडीवर नुसते ओरखडे काढून हा क्रम टप्प्याटप्प्याने दाखवला, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२७ चं. गांधीची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: कुठलीही एक गांधी २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते, मग दुसरीकडे नवी उठते. एकाच जागी दोन दिवस टिकली, खाजण्यापेक्षा दुखू लागली आणि जाताना काळपट डाग ठेवून गेली, तर तो रक्तवाहिन्यांच्या दाहाचा वेगळा आजार असू शकतो आणि त्याची तपासणीही वेगळी असते.

आयुष्यात कधी ना कधी पित्त उठलेली माणसं साधारण पाचांत एक असतात. त्यातली बहुतेक काही दिवसांत विसरूनही जातात. सहा आठवड्यांहून अधिक काळ रोज किंवा दिवसाआड गांधी उठत राहिल्या की त्याला जुनाट म्हणतात. असे रुग्ण कुठल्याही वेळी शंभरांत एकाच्या आसपास असतात आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतं. टेन्शनचा निकाल सर्वांत जास्त वेळा याच बायकांना ऐकवला जातो, हा मला योगायोग वाटत नाही.

जुन्या ग्रंथांनी या दुखण्याची सुरुवात मनापासून केलेली नाही. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि गोष्ट सुरू होते ती थंड वाऱ्याच्या स्पर्शाने. हे निरीक्षण आजही टिकतं. थंडीने उठणारं पित्त हा आधुनिक वैद्यकातलाही एक मान्य प्रकार आहे. अशा माणसाने गार पाण्यात एकदम उडी मारली तर सगळ्या अंगावर गांधी उठून तो बेशुद्धही पडू शकतो. डिसेंबरच्या पहाटे बोटीवर उघड्या अंगाने वारा खाणाऱ्या खलाशाच्या हातांवर आणि तोंडावर गांधी येत असतील, तर बर्फाचा तुकडा काही मिनिटं हातावर धरून डॉक्टर या प्रकाराची खात्री करून घेऊ शकतात. त्याच्या घरच्या कटकटींची चौकशी नंतर केली तरी चालेल.

मनाचा मुद्दा वैद्यकात ठळकपणे आला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. डेव्हिड ग्रॅहम आणि स्ट्युअर्ट वुल्फ या अमेरिकी डॉक्टरांनी १९५० साली पित्ताच्या रुग्णांवर प्रयोग केले. रुग्णाशी बोलता बोलता त्याच्या आयुष्यातला छळणारा विषय काढायचा आणि त्याच वेळी त्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्यांवर नजर ठेवायची, अशी ही पद्धत. विषय निघाला की रक्तवाहिन्या फुगत, काहींच्या अंगावर गांधीही उठत. ग्रॅहम यांनी पुढे एक धीट दावा केला. हे रुग्ण नुसते चिंताग्रस्त नसतात. आपल्यावर अन्याय होतोय, फटके बसताहेत आणि आपल्याला उलट काही करता येत नाही, ही त्यांची विशिष्ट भावना असते. आजच्या कसोटीवर हा अभ्यास तोकडा आहे. रुग्ण थोडे, तुलनेचा गट कच्चा, आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक. तरी हे वर्णन वाचल्यावर डोक्यातून जात नाही. सासरी ब्र काढता न येणाऱ्या सुनेला किंवा बोटीच्या हिशेबात नाखव्यासमोर गप्प बसणाऱ्या खलाशाला ते सहज लागू पडेल. सहज लागू पडतं, हीच त्याची अडचण. न बोलता सोसणारी माणसं कुठल्याही आजाराच्या रांगेत सापडतात.

त्यानंतरची काही दशकं मनोविश्लेषणवाल्यांनी कातडीचा ताबा घेतला आणि गांधी म्हणजे न रडलेलं रडणं अशा थाटाची मांडणी होत राहिली. मग १९९३ मध्ये लंडनमध्ये काम करणारे मिचिहिरो हिदे, माल्कम ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की जुनाट पित्ताच्या काही रुग्णांच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्याच मास्ट पेशींना चाळवणारी प्रतिपिंडं असतात. शरीराची संरक्षणव्यवस्था घरच्याच माणसावर धावून जाते, त्यातलाच हा प्रकार. थायरॉईडच्या अशाच आजाराशी त्याचं नातं आहे, म्हणून जुनाट पित्तात थायरॉईडची तपासणी सांगितली जाते. या शोधाने मानसिक कारणांचा जोर ओसरला. ज्यांना वर्षानुवर्षं स्वभाव बदलायचा सल्ला मिळाला होता त्यांना निदान एवढं कळलं की दोष स्वभावात नव्हता.

पण मन परत आलं, आणि या वेळी प्रयोगशाळेतून आलं. ताण आला की मेंदूतून सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं आणि त्याच्या साखळीच्या शेवटाला कॉर्टिसॉल वाढतं. हे शाळकरी पुस्तकातही सापडेल. नवं कळलं ते असं की सीआरएच कातडीतही तयार होतं आणि मास्ट पेशींवर त्याला पकडणारे ग्राहक असतात. ते माणसाच्या कातडीत पोचवलं तर तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात. मज्जातंतूंच्या टोकांतून सबस्टन्स पी नावाचं आणखी एक द्रव्य सुटतं. त्याला पकडणारा मास्ट पेशींवरचा ग्राहक गंभीर जुनाट पित्ताच्या रुग्णांच्या कातडीत जास्त आढळतो. म्हणजे मेंदूपासून गांधीपर्यंत जायला शरीरात खरोखरच वाट आहे. ती वाट प्रत्येक पित्तात वापरली जाते, असं मात्र यातून सिद्ध होत नाही.

दोन प्रकारांत ती निश्चित वापरली जाते. पहिला घामाशी निगडित. व्यायाम, कडक पाण्याची अंघोळ, तिखट जेवण किंवा एकदम आलेली भीती, राग, लाज, यांपैकी काहीही झालं की काही मिनिटांत मान, छाती, दंडांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या असंख्य गांधी उठतात आणि अर्ध्या-एक तासात विरतात. हा विशीच्या आसपासच्या मुलामुलींचा आजार आहे. पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणाऱ्या मुलाला मैदानावर घाम आणि निवडीची धास्ती दोन्ही एकदम असतात, तेव्हा त्याच्या अंगावर हे उठलं तर नवल नाही. मे महिन्यात घरचे त्याला घामोळं म्हणतात, पण घामोळं अर्ध्या तासात नाहीसं होत नाही. दुसरा प्रकार दुर्मिळ. गांधीभोवती पांढरं वलय दिसतं आणि ती जवळजवळ फक्त मानसिक ताणानेच उठते. शेली दांपत्याने १९८५ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यावर रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल उपयोगी पडतं. निखळ टेन्शनचं पित्त शोधायचंच असेल तर ते हे, आणि ते बहुतेक डॉक्टरांना उभ्या आयुष्यात एखाद-दोनदाच दिसत असेल.

बाकीच्या पित्तात आणि कातडीच्या इतर दुखण्यांत ताणाची भूमिका असलेलं वाढवण्याची आहे. याचा सर्वांत बोलका पुरावा भूकंपाने दिला. जानेवारी १९९५ मध्ये जपानच्या कोबे भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या ॲटोपिक इसबाच्या रुग्णांची पाहणी झाली तेव्हा हानी झालेल्या भागात तिघांमागे एकाहून अधिक जणांचा इसब चिघळलेला आढळला आणि हानी न झालेल्या भागात हे प्रमाण दहांत एकही नव्हतं. मोजक्या लोकांचा इसब उलट सुधारलाही. हा इसब होता, पित्त नव्हे. शिवाय भूकंपानंतर पाणी, औषधं, अंघोळ, झोप सगळंच बिघडतं. तरी एका फटक्यात एवढ्या माणसांवर ताणाचा प्रयोग करून बघण्याची दुसरी रीत नाही.

रेवसच्या किनाऱ्याला असे फटके नवे नाहीत. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या काळी मेलेल्यांची मोजणी होई, मागे राहिलेल्यांच्या कातडीची कोण करणार? ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि नारळी-पोफळीच्या बागा, छपरं, विजेचे खांब एका दुपारी आडवे झाले. पण माझ्या मते इथल्या रोजच्या जगण्यातला ताण अशा तारखांना येत नाही. तो डिझेलच्या भावात, रिकाम्या जाळ्यात आणि अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून ऐकत आलेल्या रेवस-करंजा पुलाच्या चर्चेत कुणाची जमीन जाणार आणि तरीवर पोट असलेल्याचं काय होणार या प्रश्नात मुरलेला असतो. असा रेंगाळणारा ताण मोजायला कठीण आणि पित्ताला जोडायला फार सोपा.

आता इथल्या ताटाकडे वळू, कारण टेन्शनच्या निकालाने सर्वांत जास्त दडपलं जाणारं कारण ताटात आहे. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा पकडल्यावर बर्फात गेला नाही, उन्हात राहिला, तर जिवाणू या हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात, म्हणजे मास्ट पेशीतून सुटतं तेच द्रव्य. माणूस ते थेट गिळतो. काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होतं, कान तापतात, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ आणि गांधी येतात, कधी जुलाबही होतात. तयार झालेलं हिस्टामिन तळून जात नाही, कालवण उकळून जात नाही, फ्रिजरमध्ये टाकून जात नाही, खारवून सुकवूनही जात नाही. वासावरून तो मासा नासका वाटेलच असंही नाही, कधी जिभेला नुसती मिरीसारखी चुणचुण लागते. ही ॲलर्जी नव्हे, ही विषबाधा आहे. पण ॲलर्जीच्या गोळीने उतरते, म्हणून सगळ्यांची खात्री पटते की ॲलर्जीच होती. मग माणसाला आयुष्यभर बांगडा सोडायला सांगतात. कोळ्याच्या घरात ही लहान शिक्षा नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे: त्याच ताटातलं खाल्लेल्या आणखी कुणाला त्रास झाला का? झाला असेल तर दोष बर्फाचा. दिवसभर धंद्याच्या काळजीत असलेल्या माणसाने संध्याकाळी तो मासा खाल्ला तर खापर मात्र काळजीवर फुटतं.

कोळंबीची गोष्ट याहून वेगळी. तिची ॲलर्जी खरी ॲलर्जी असते, ती तिच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची. हे प्रथिन शिजवून मोडत नाही. ज्याला कोळंबी चालत नाही त्याला करदी आणि सुका जवळाही बहुधा चालत नाही, आणि जवळा चटणीत, भाकरीबरोबर, वांग्यात, नकळत येतो. चिंतेने तोंडाची चव गेली म्हणून जवळ्याची चटणी खाल्ली आणि रात्री पित्त उठलं, तर घरच्यांना चिंता दिसते, चटणी दिसत नाही.

याहूनही लपलेली साखळी गोळ्यांची आहे. ताणाने डोकं दुखतं, ओढकामाने कंबर धरते. माणूस दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या पुष्कळ जुनाट रुग्णांचं पित्त चाळवतात, काही पाहण्यांत हे प्रमाण चारांत एकाच्या आसपास सापडलं आहे. संध्याकाळी गांधी उठल्या की हिशेब असा मांडला जातो: सकाळी भांडण झालं, म्हणून पित्त. मधली गोळी हिशेबात येतच नाही, कारण दुकानातून सुटी घेतलेली गोळी आपल्याकडे कुणी औषध म्हणून सांगत नाही. दारूचंही तसंच. ती रक्तवाहिन्या फुगवते आणि पित्त वाढवते. ताणावरचा उतारा म्हणून घेतली जाते आणि नंतर ताणाच्याच खात्यावर जमा होते. अशा माणसाला ताणाने पित्त झालं, असं म्हणता येईल का? म्हणता येईल, पण आडवळणाने. आणि उपाय गोळी बदलण्यात किंवा बाटली सोडण्यात आहे, "मन शांत ठेव" यात नाही.

आणखी एक पेच दिशेचा. जुनाट पित्ताच्या रुग्णांत चिंता, नैराश्य, झोपेच्या तक्रारी पुष्कळ आढळतात. २०१३ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा जवळजवळ निम्म्या रुग्णांत असा एखादा मानसिक घटक सापडला. यावरून मन बिघडल्याने पित्त झालं असं ठरवणारे एक साधी गोष्ट विसरतात: सहा महिने रोज रात्री दोन वाजता खाजवत उठणाऱ्या माणसाचं मन ठिकाणावर राहील कसं? ओठ सुजलेला असताना लग्नाला जायचं, शिक्षिकेने सुजलेल्या पापण्यांनी वर्गात उभं राहायचं, लोकांनी "लागण होते का?" म्हणून बाजूला सरकायचं. पित्त कुणाला लागत नाही, तरी हे होतं. ताण आणि पित्त एकमेकांना खतपाणी घालतात हेच खरं, आणि उपचार दोन्ही टोकांकडून सुरू करायला हरकत नसते.

उपचारांबद्दल मात्र पुरावा बराच स्पष्ट आहे, इथे भिजत घोंगडं नाही. आमसुलाचं पाणी अंगाला लावल्याने थंडावा येतो, खाज निवते, नुकसान काही नाही. नव्या गांधी उठायच्या ते थांबवत नाही. पहिला उपाय झोप न आणणाऱ्या नव्या पिढीच्या ॲलर्जीविरोधी गोळ्या: लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन वगैरे. जुनाट पित्तात त्या खाज सुटल्यावर न घेता रोज घ्यायच्या असतात, आणि एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टर त्यांचा डोस चौपटीपर्यंत वाढवतात. त्यानेही न भागणाऱ्यांसाठी ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत ते या आजारासाठी २०१४ मध्ये मान्य झालं. महाग आहे, पण ज्यांना लागू पडतं त्यांचं पित्त, स्वभाव तोच असताना, थांबतं. लहान दवाखान्यात फेनिरामाइन आणि स्टिरॉईडची सुई देऊन लगेच उतरवण्याची रीत आहे. अचानक उठलेल्या जोरदार पित्तात ती एखाद्या वेळी ठीक. दर पंधरवड्याला तीच सुई घेणाऱ्याला साखर, रक्तदाब आणि हाडं तिघांचं बिल नंतर येतं. शिवाय जुन्या पिढीच्या गोळ्यांनी गुंगी येते. रात्रभर सुकाणू धरणाऱ्या तांडेलाला त्या देताना डॉक्टरांनी त्याचा धंदा विचारायलाच हवा.

मनावरच्या उपचारांचे अभ्यास छोटे आहेत, पण त्यांची दिशा आशादायक आहे: विचारांची सवय बदलणारी समुपदेशन पद्धत, शरीर सैल सोडण्याचे व्यायाम आणि मुख्य म्हणजे झोप. ते गोळीऐवजी घ्यायचे नसतात, गोळीबरोबर घ्यायचे असतात. नैराश्यावरचं डॉक्सेपिन हे जुनं औषध काही हट्टी पित्तांवर वापरलं जातं, आणि त्याचा गुण येतो तो मुख्यतः हिस्टामिनला जोरात अडवत असल्यामुळे. "मला वेड्याची गोळी दिली" म्हणून ती फेकणाऱ्याला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. ज्याला खरोखर मन मोकळं करायचं आहे त्याला सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते, मराठीतही.

ओठ-पापण्यांवरची सूज घाबरवते, पण धोका त्याहून आत असतो. जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, गिळता न येणं, श्वासाला घरघर लागणं, भोवळ येणं, यांतलं काहीही पित्ताबरोबर आलं तर आमसूल आणि टेन्शन दोन्ही बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा. त्या वेळचं औषध मांडीत दिलेलं ॲड्रिनॅलिन आहे, ॲलर्जीची गोळी नव्हे. रेवसहून अलिबागचा रस्ता गाठेपर्यंत वेळ जातो, म्हणून ज्याला एकदा असा झटका आला आहे त्याने जवळच्या डॉक्टरांशी हे आधीच बोलून ठेवावं.

उरलेल्यांसाठी सर्वांत स्वस्त तपासणी वहीची. उठलं कधी, किती वेळ टिकलं, आधीच्या सहा तासांत काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, घाम आला का, भांडण झालं का, झोप किती. रेवससारख्या गावाला यात एक सोय आपोआप मिळते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट किनाऱ्यावर असते, ताजा बांगडा ताटातून जातो, सुकी मासळी येते, अंगमेहनत आणि कंबरेच्या गोळ्या कमी होतात, आणि पैशाची ओढाताण मात्र वाढते. वही एप्रिलमध्ये सुरू करून ऑगस्टपर्यंत लिहिली तर या सगळ्या गोष्टी कागदावर वेगळ्या होतात. ओढगस्तीच्या त्या दोन महिन्यांत पित्त थांबलं तर संशय माशावर किंवा गोळीवर घ्यावा. तेव्हाच वाढलं तर टेन्शनचं नाव घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी सुका जवळा आठवडाभर बंद करून बघावा.